फॉरमॅटमध्ये नसलेल्या ओळी

नाशिकला सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ), जिल्हा न्यायालयाच्या आजूबाजूला टायपिंगची जी टेबलं लागतात, त्यांतलं एक माझं. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नावातला बदल, इसार पावत्या हे बारमाही काम. दसरा-पाडव्याच्या तोंडावर आणि द्राक्षाचे पैसे हातात खेळायला लागले की त्यात गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या करारनाम्यांची भर पडते. येणारा उभ्या उभ्याच सांगतो, "ताई, गाडीचा नेहमीचा फॉरमॅट काढा. नावं आणि नंबर तेवढे बदला."

नेहमीचा फॉरमॅट म्हणजे टायपरायटरच्या काळापासून चालत आलेला दीड पानांचा मजकूर. लिहून देणार (म्हणजे विकणारा) अमुक, लिहून घेणार (म्हणजे विकत घेणारा) तमुक, गाडीचा नंबर, किंमत, मग "सदर वाहन आहे त्या स्थितीत पाहून, तपासून व पसंत करून घेतले आहे", आणि शेवटी राजीखुशी आणि अक्कलहुशारी. संपलं.

मी टाइप करत असते तेव्हा समोरच्या बाकावर मात्र वेगळाच करार चाललेला असतो. मागचे दोन टायर मी टाकून देतो. दुसरी चावी गावाकडे आहे, रविवारी आणतो. चलन असेल एखादं, भरून टाकू. बँकेचं पत्र आठ दिवसांत येईल. हे सगळं दोघांनाही मान्य असतं आणि त्यातलं एक अक्षर कागदावर येत नाही. पुढे कधीतरी दोघांपैकी एक जण तोच कागद घेऊन येतो आणि विचारतो, "यात टायरचं कुठे लिहिलंय?" कुठेच नाही. तुम्ही मला सांगितलंच नव्हतं.

मी वकील नाही. कलमं टाइप करून करून आणि वकिलांचे मसुदे वाचून जे डोक्यात बसलंय ते इथे लिहिते आहे. मोठा व्यवहार असेल, भांडण अंगाशी आलेलं असेल, तर वकील गाठाच.

सगळ्यात आधी बघायचं की लिहून देणार म्हणून समोर बसलेला माणूस आरसीवरचाच, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचाच आहे का. हे इतकं उघड आहे की कोणी बघतच नाही. गाडी वडिलांच्या नावावर, विकायला मुलगा आलेला. गाडी वहिनींच्या नावावर, सही करणार दीर. अंबड-सातपूरकडच्या एखाद्या कंपनीच्या नावावर गाडी, आणि सौदा करतोय तिथला मॅनेजर. कंपनी असेल तर सहीचा अधिकार दिल्याचं पत्र किंवा ठराव मागा आणि त्याची तारीख करारात लिहा. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मग तुमचा करार. "आम्ही तिघे भाऊ एकच आहोत" हे वाक्य मी पुष्कळ ऐकते. एकच असतील तर तिघांच्याही सह्या मिळायला अडचण नसावी.

याहून घातक प्रकार म्हणजे सही केलेल्या कोऱ्या फॉर्मचा. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. पहिला मालक त्यांवर सह्या करून मोकळा होतो, घेणाऱ्याचं नाव रिकामं ठेवतो. घेणारा गाडी नावावर न करता वर्षभर फिरवतो, मग तेच फॉर्म पुढच्याच्या हातात देतो. तुमच्यासमोर बसलेला माणूस असा मधला असेल तर त्याच्याकडे विकायला नक्की काय आहे? त्याचा स्वतःचा खरेदीचा करार दाखवायला सांगा, मूळ मालकाला फोन लावा, आणि शक्य असेल तर मूळ मालकालाच लिहून देणार करा. मधल्याला संमती देणार म्हणून सही करू दे.

गाडी एखाद्या जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत. आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेल्या विक्रेत्याकडे मालकाने गाडी विकायला दिली की त्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये नोंदवायची असते, आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी त्या विक्रेत्यावर येते. अधिकारपत्राचा नंबर करारात घ्यायला लाजू नका. "ते प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर मूळ मालकाशिवाय सही करायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता गाडीचं वर्णन. फॉरमॅटमध्ये रजिस्ट्रेशन नंबर असतो आणि आरसीवरून उतरवलेला चेसिस नंबर. माझं म्हणणं, चेसिस नंबर गाडीवरून उतरवा. सतरा अक्षरं-आकडे असतात. कुठे पुढच्या सीटखाली, कुठे बॉनेटखाली ठोकलेले असतात. मोबाइलने फोटो काढा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. तसंच इंजिन नंबरचं. एक अक्षर चुकलं तरी फॉर्म परत येतो, आणि आकडे घासलेले, पुन्हा ठोकलेले दिसले तर सौदा तिथेच सोडा. त्याखाली मीटरवरचं रीडिंग, आरसीची मुदत कधीपर्यंत आहे, गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी पाटी (जादा सुरक्षेची नंबरप्लेट) बसवली आहे की नाही, सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलंय का आणि टाकीची तीन वर्षांनी करायची तपासणी कधी झाली. चाव्या किती, स्टेपनी, जॅक, गाडीत बसवलेली टेप. टेपवरून भांडणं होतात हे सांगून खरं वाटणार नाही. बघताना गाडीत मोठा स्क्रीन होता आणि ताबा घेताना तिथे भोक होतं, अशा तक्रारी आमच्या टेबलांवर येतात.

द्राक्षाचा हंगाम उतरत आला होता तेव्हाची गोष्ट. पिंपळगावकडचा एक मुलगा गाडी घ्यायला आला होता. विकणारे कॉलेज रोडचे निवृत्त गृहस्थ, अगदी सज्जन, कागदपत्रांची फाइल लावून आणलेली. मुलाबरोबर त्याचा मामा. पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, बोलणं जवळजवळ नाहीच. मी नेहमीचा मजकूर उघडला. मुलाने सहज विचारलं, "काका, एसी चांगला चालतो ना?"

"चालतो की. गॅस तेवढा भरावा लागेल."

मामा माझ्याकडे वळला. "ताई, लिहा."

"काय लिहू?"

"एसीचा गॅस देणाऱ्याने भरून द्यायचा. ताब्याच्या आधी."

काका हसले. "अहो, त्यात काय लिहायचं? किरकोळ काम आहे."

"म्हणूनच लिहा म्हणतो. मोठं कोणी विसरत नाही."

मग मामा एकेक विचारत गेला आणि काका सांगत गेले, मी टाइप करत गेले. क्लच कधी बदलली? दोन वर्षांपूर्वी. लिहा. पुढचा बंपर रंगवलेला दिसतो? पार्किंगमध्ये खांबाला घासला होता. लिहा, घासला होता असं लिहा. पुराच्या पाण्यात होती का कधी? नाही हो, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गाडी तिसऱ्या मजल्यावर राहते का? इथे मुलगासुद्धा ओशाळला. माल उचलून पैसे बुडवणारे व्यापारी द्राक्षवाल्यांना नवे नाहीत, मामाने त्यांतले एक-दोन सोसलेले असावेत. काकांचा चेहरा सुरुवातीला जरा पडला होता, पण थोड्या वेळाने त्यांनाच गोडी लागली. "मग माझंही एक लिहा," ते म्हणाले, "ताब्यानंतरची सगळी चलनं यांची."

मामाने मान डोलावली. तो करार साडेचार पानांचा झाला आणि माझ्या बघण्यातल्या गाडीच्या करारांमध्ये तो सगळ्यात चांगला आहे.

पुराचा प्रश्न नाशिकमध्ये कुणालाही चमत्कारिक वाटायला नको. गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं यावर आपण पूर मोजतो. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीकाठी काय झालं ते आपण पाहिलंय. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून छान दिसते. वायरिंग नंतर कधीतरी बोलायला लागतं. मुंबई-ठाण्याहून आलेल्या गाड्यांबाबत हा प्रश्न तर विचारायलाच हवा.

"आहे त्या स्थितीत" या ओळीचं वजन घेणाऱ्याला कळत नाही. गाडी ही कायद्याच्या भाषेत जंगम माल, आणि तिला १९३० चा मालविक्री कायदा लागतो. त्या कायद्यात विकणाऱ्याकडे मालकी असल्याची हमी गृहीत धरलेली आहे, पण एका सामान्य माणसाने दुसऱ्याला जुनी वस्तू विकली तर तिच्या दर्जाची हमी आपोआप येत नाही. बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम. त्यात वर तुम्ही "तपासून व पसंत करून" अशी सही दिलीत, तर नंतर गिअरबॉक्सबद्दल बोलायला तोंड राहत नाही. ती ओळ काढून टाका असं मी म्हणत नाही, विकणाऱ्याचंही बरोबर आहे, दहा वर्षं जुन्या गाडीची गॅरंटी कोण देईल? पण त्या ओळीच्या आधी विकणाऱ्याने काय सांगितलं ते आलं पाहिजे. मी असं लिहिते:

"लिहून देणार यांनी असे कथन केले आहे की, सदर वाहनाचा मोठा अपघात झालेला नाही, वाहन पुराच्या अगर साचलेल्या पाण्यात बुडालेले नाही, इंजिन उघडलेले नाही, तसेच मीटरमध्ये कोणताही फेरफार केलेला नाही. सदर कथनावर विसंबून लिहून घेणार यांनी सौदा केला आहे. कथन खोटे आढळल्यास लिहून देणार हे वाहन परत घेऊन संपूर्ण रक्कम परत करतील."

"विसंबून" हा शब्द ठेवा. आणि इंजिन उघडलेलं असेल तर उघडलंय असं लिहा, कोणत्या गॅरेजमध्ये आणि कशासाठी. सांगितलेला दोष सौदा मोडत नाही, किंमत फार तर थोडी खाली येते. ही ओळ वाचून दाखवताना मी विकणाऱ्याकडे बघते. जो वाचता वाचता "इंजिन उघडलेलं नाही हे राहू द्या, बाकी ठीक आहे" म्हणतो, त्याने एका वाक्यात सगळं सांगितलेलं असतं.

गाडी मेकॅनिकला दाखवायची असेल तर टोकन देतानाच ठरवा. द्वारका सर्कलजवळ सौदा करून मग मेकॅनिककडे जायचं आणि त्याने नाक मुरडलं की टोकन परत मागायचं, यातून हमखास वाजतं. इसार पावतीतच लिहा की अमुक तारखेपर्यंत तपासणी, मोठा दोष निघाला तर टोकन पूर्ण परत, आणि घेणाऱ्याने नुसतंच मन बदललं तर टोकनमधून इतके रुपये कापले जातील. आकडा लिहा. "योग्य ती रक्कम" लिहिलंत तर दोघांची योग्य वेगवेगळी निघते.

आता ज्या ओळीसाठी मी हा सगळा लेख लिहितेय तिच्याकडे येते. ताबा. फॉरमॅटमध्ये "आज रोजी ताबा दिला" एवढंच असतं. तारखेबरोबर वेळ लिहा, मीटर रीडिंग लिहा. "दि. अमुक, सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी." लोकांना हा चावटपणा वाटतो. ई-चलनावर तारीख आणि वेळ दोन्ही छापलेली असते. सकाळी नऊला मुंबई नाक्यावर सिग्नल कोणी तोडला आणि दुपारी दोनला कोणी, हे ठरवायला करारातली वेळच उपयोगी पडते.

चलन तर किरकोळ. अपघात झाला तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्याला वाटतं, आपण पैसे घेतले, चावी दिली, कागद केला, नोटरी केली, सुटलो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात वेगळं सांगितलं. गाडी पहिल्या मालकाने विकली होती, ती पुढे हातोहात विकली गेली होती, पण आरटीओच्या दफ्तरी नाव पहिल्याचंच होतं. अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक धरला गेला. ज्याला गाडी लागली त्याने कोणाकोणाच्या खरेदीचे कागद का शोधत फिरायचं, असा न्यायालयाचा रोख होता, आणि तो पटण्यासारखा आहे.

म्हणून नाव बदलून घेण्याची घाई खरं तर विकणाऱ्याला असायला हवी. आमच्याकडे उलटं दिसतं. घेणारा मागे लागतो आणि विकणारा म्हणतो, करून घ्या तुमच्या सवडीने, मी सह्या दिल्यात ना. अशा सवडीसाठी मुदत लिहा: "लिहून घेणार यांनी आजपासून तीस दिवसांचे आत सदर वाहन स्वतःचे नावे करून घ्यावे, तोपर्यंत वाहन तिसऱ्या इसमास विकू अगर वापरण्यास देऊ नये. ताब्यानंतर घडणाऱ्या अपघात, दंड, गुन्हा याबाबत लिहून देणार यांस कोणतीही तोशीस लागू देणार नाहीत. लागल्यास त्याची भरपाई करून देतील." या ओळीने अपघातग्रस्त बांधला जात नाही हे नीट समजून घ्या. न्यायालय विकणाऱ्याकडून वसूल करूच शकतं. मात्र त्याने भरलेलं नंतर घेणाऱ्याकडून मागायला त्याच्या हातात कागद राहतो. आणि पेठ रोडच्या आरटीओत अर्ज घेणाऱ्याचा असला तरी काम होईपर्यंत गाडीचं स्टेटस ऑनलाइन बघत राहायचं, ते विकणाऱ्याने करायचं.

विम्यावर मी फार वेळ घेत नाही, पण दोन गोष्टी. गाडी विकली की विम्यातला तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा भाग गाडीबरोबर येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही, त्यासाठी घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची. कसारा घाटात गाडी ठोकली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, म्हणजे दुरुस्तीचं बिल आपलं. दुसरं, नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा तो आपल्या नव्या गाडीसाठी घेऊन जातो, आणि तुमच्या हप्त्यात तेवढा फरक भरावा लागतो. पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा बोनस असतो हा, तेव्हा सौदा करतानाच "इन्शुरन्स फुल आहे" या वाक्यापुढे कोण किती भरणार ते लिहा.

कर्ज असेल तर आरसीवर बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव असतं. "फेडलंय हो, फक्त नाव काढायचं राहिलंय." असेल, पण फेडल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय ताबा घेऊ नका. कर्ज शिल्लक असेल तर तुमच्या पैशांतला तेवढा भाग थेट त्या कर्ज खात्यात भरा आणि करारात कर्ज खात्याचा नंबर, शिल्लक रक्कम, पत्र कधीपर्यंत आणायचं ते घाला. "सदर वाहनावर कोणताही बोजा नाही" हे वाक्य प्रत्येक फॉरमॅटमध्ये असतं. बोजा असलेल्या गाड्यांच्या करारांतही ते तसंच असतं, कारण कोणी वाचत नाही.

पैशांचं. किंमत आकड्यांत आणि अक्षरांत, हे सगळेच करतात. कसे दिले ते लिहा: कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेतून, व्यवहाराचा नंबर. रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे इथे विकणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा. तरी "कागदावर कमी दाखवू" म्हणणारे भेटतात. कमी दाखवलंत आणि उद्या सौदा फिरला तर परत मागताना कागदावरचीच रक्कम मिळेल, वरची नाही.

शेवटचा हप्ता नाव बदलेपर्यंत हातात ठेवा. किती, ते गाडीवर आणि माणसावर आहे. पण इतका असावा की विकणाऱ्याला आरटीओतून फोन आला, ओटीपी द्यायची वेळ आली, सही जुळली नाही म्हणून परत बोलावलं, तर तो येईल. रक्कम कधी द्यायची ते मात्र अमुक तारखेला किंवा नाव बदलल्यावर, जे आधी होईल ते, असं बांधून घ्या. विकणाऱ्याचे पैसेही अडकून राहायला नकोत. गावाकडचे सौदे "मालाचे पैसे आले की" यावर होतात. मला ते लिहायला सांगतात. मी विचारते, माल कधी जाणार? फेब्रुवारीत. पैसे कधी येणार? यावर दोघेही हसतात. मग मी ३१ मार्च किंवा १५ एप्रिल लिहिते. मालावर तारीख नसते, चेकवर असते. पुढच्या तारखेचा चेक असेल तर "चेक वटल्यानंतरच मालकी हक्क लिहून घेणार यांचेकडे जाईल" ही ओळ विकणाऱ्याच्या बाजूने घालावी. १९३० च्या त्याच कायद्यात मालकी कधी जाते हे दोघांनी ठरवायचं असतं, आणि मालकीबरोबर जोखीमही जाते. गाडी उद्या रात्री चोरीला गेली तर कोणाची गेली, हा प्रश्न त्या ओळीवर ठरतो.

पेठ-सुरगाण्याच्या पलीकडे गुजरात आहे, त्यामुळे तिकडच्या पाटीच्या गाड्या आपल्याकडे स्वस्त म्हणून येतात. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. तो कर धरला की स्वस्ताई पुष्कळदा विरघळते. कर कोण भरणार, एनओसी कोण आणणार, तिकडचा कर परत मिळाला तर तो कोणाचा, तिन्ही लिहा.

फास्टॅगही लिहा. विकणाऱ्याने आपला टॅग बंद करून काच साफ करून द्यायची. नाहीतर घेणारा शिंदे गावच्या टोलवरून पुण्याला जात राहतो आणि मेसेज कॉलेज रोडला वाजत राहतात.

नव्या गाडीच्या बाबतीत करार शोरूमच लिहून ठेवतं, बुकिंग फॉर्म म्हणून, आणि लोक पेढे खात सही करतात. पाठीमागे बारीक अक्षरात बहुतेक वेळा असतं की डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू. ते खोडायला कोणी तयार होणार नाही, पण समोरच्या बाजूला मोकळ्या जागेत पेनने लिहून शिक्का घेता येतो: रंग, मॉडेल, गाडी कोणत्या महिन्यात बनलेली हवी, ॲक्सेसरीजचं पॅकेज घेतलेलं नाही, विमा बाहेरून घेणार, बुकिंग रद्द केल्यास किती दिवसांत किती परत. सेल्सच्या मुलाने तोंडी दिलेल्या मॅट आणि सीट कव्हरचं त्याच्यापुढेच लिहून घ्या; डिलिव्हरीपर्यंत तो मुलगा दुसऱ्या शोरूमला गेलेला असतो.

राहिला स्टॅम्प आणि नोटरी. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागतो, शंभराचा घेऊन येणारे अजून येतातच. नोटरी तुमच्या सह्यांची नोंद करतात. गाडी बुडालेली होती की नव्हती हे ते तपासत नाहीत, आणि नोटरी झाली म्हणून आरसीवरचं नाव बदलत नाही. दोन मूळ प्रती करा, एक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. झेरॉक्सवर भागवू नका. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, खाडाखोड असेल तिथे शेजारी सही. बरोबर चलनांची त्या दिवशीची प्रिंट, आरसीची झेरॉक्स, विम्याची प्रत टाचणीने लावा आणि करारात लिहा की ही जोडपत्रं आहेत.

साक्षीदार म्हणून दलालाला बसवू नका. त्याचं कमिशन सौदा झाला की सुटतं, आणि भांडण झालं तर तो दोन्ही बाजूंचं ऐकलेलं विसरतो. ज्यांच्यासमोर बोलणं झालं तेच घ्या: मामा, शेजारी, गाडी बघायला आलेला मित्र. त्यांचे पूर्ण पत्ते लिहून आणा. आणि कृपा करून पावणेसहाला येऊ नका. साडेचार पानांना वेळ लागतो.